साधनाताईंची मुरमाची वाट

माझी मुलगी मोनिका क्लासहून घरी येते तेव्हा तिच्या सँडलच्या टाचांना पिवळसर मुरूम लागलेला असतो. तो दिसला की मला कळतं, ही पुन्हा ओढ्याच्या अगदी कडेच्या वाटेनं आली. मोठ्या रस्त्यानं ये, तिथे दिवे असतात, असं मी रोज सांगते; आणि मोठ्या रस्त्यावर डंपर असतात, असं ती रोज सांगते. दोन्ही खरं आहे. त्यामुळे ती घरी येऊन झोपेपर्यंत मला दुसरं काही सुचत नाही. आज ती लवकर झोपली आहे, म्हणून साधनाताईंविषयी लिहायला बसले आहे.

दिघीच्या मागे लष्कराच्या हद्दीतून एक ओढा उतरतो. त्याला करंजओढा म्हणतात. पूर्वी त्याच्या दोन्ही काठांना शेतं होती. आता एका अंगाला आमच्यासारख्या सोसायट्या आहेत आणि दुसऱ्या अंगाला कामगारांची बैठी घरं. मधल्या पट्ट्यात कधीतरी उद्यान झालं. उद्यान म्हणजे एक फाटक, काही बाक आणि पक्ष्यांची चित्रं असलेला फलक. त्यातले पक्षी उन्हानं केव्हाच उडून गेले. बाकी करंज, बाभळी, उंबर सगळं जागच्या जागी राहिलं. दोन वाटाही राहिल्या. वरची रुंद, फाटकापासून कंपनीच्या बस थांबतात तिथपर्यंत जाणारी. खालची अरुंद, पाण्याच्या अगदी कडेनं. तेव्हा दोन्ही मुरमाच्या.

खालच्या वाटेवर मी साधनाताईंना पहिल्यांदा पाहिलं. पन्नाशी उलटलेली बाई, पदर खोचलेला, चपला हातात. त्या पाण्याच्या बाजूला जरा जास्तच सरकताहेत असं मला वाटलं आणि मग त्यांना दिसत नाही हे लक्षात आलं. मी धावत जाऊन त्यांचा दंड धरला.

"सोडा की," त्या म्हणाल्या. "तुम्ही धरलं की मला वाट कळत नाही."

मी सोडला. पण त्या फाटकातून बाहेर पडेपर्यंत मागे मागे चालत राहिले. पुढे ओळख झाली, आणि मी त्यांची 'मोनिकाची आई' झाले.

त्या मूळच्या परांड्याकडच्या. लग्न होऊन इकडे आल्या आणि भोसरीतल्या एका कंपनीत गाड्यांच्या वायरिंगचे जुडगे बांधायला लागल्या. वायरी रंगांवरून ओळखायच्या, टेप गुंडाळायची, क्लिपा दाबायच्या. काही वर्षांनी पिवळी वायर आणि पांढरी वायर सारखी दिसायला लागली. लाईनवर दिवे कमी केलेत असं त्यांना वाटलं. मग चष्म्याचा नंबर वाढला असेल असं वाटलं. काचबिंदू आहे हे कळलं तोवर बरीचशी नजर गेली होती. आता त्यांना उजेड कुठे आहे आणि अंधार कुठे आहे, एवढंच समजतं.

नोकरी सुटल्यावर वर्षभर त्या घरात बसून होत्या. मुलगा गणराज चाकणला कामाला, सून सकाळीच बाहेर पडणारी. कुठे जायचं तर कुणीतरी हात धरायला हवं, आणि हात धरणाऱ्याची सवड बघायला हवी. एका सकाळी घरातले सगळे गेल्यावर त्या कुणाला न सांगता ओढ्यावर आल्या. लुगड्याचा काठ फाटला, एकदा बाभळीत गेल्या, पण घरी परत पोचल्या. मग रोजच जायला लागल्या.

ती वाट त्यांना कशी समजते, हे त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. वाटेचा मधला भाग पायांनी दाबून घट्ट झालेला आहे. कडेचा मुरूम सुटा आहे, पाय पडला की खरखर वाजतो. पाण्याकडची कड जास्त वाजते, कारण तिथला बारीक मुरूम पावसानं धुऊन नेला आहे. उंबराखाली पायाला चिकट लागतं. साकवाजवळ, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलाजवळ, पाण्याचा आवाज खोल होतो. एवढं सांगून त्या म्हणाल्या, यात शहाणपण काही नाही, तुमची मोनिका मोबाईलमध्ये बघत बघत चालते तेव्हा तिलाही हे पायांनीच समजत असतं. ते ऐकून माझी काळजी कमी झाली की वाढली, हे मला अजून सांगता येत नाही.

गेल्या वर्षी उद्यानाचं नूतनीकरण होणार असं ठरलं आणि नागरिकांच्या सूचना मागवल्या गेल्या. आमच्या सोसायट्यांच्या फेडरेशननं पुढाकार घेतला. अध्यक्ष निरंजन आयटीत आहेत, माणूस मनानं चांगला आणि कामाला वाघ. सगळ्यांना सोयीचं म्हणून त्यांनी रविवार ठरवला आणि आमच्या क्लबहाउसची जागा दिली. महापालिकेकडून विजयश्री नावाच्या तरुण इंजिनीअर आल्या. साधनाताईंना मी बरोबर घेऊन गेले होते.

पडद्यावर चित्रं सुरू झाली. साधनाताई माझ्याकडे वाकून, काय दाखवतायत, असं विचारत होत्या. मी हळू आवाजात सांगत गेले. वरच्या वाटेला पेव्हर ब्लॉक, खालच्या वाटेलाही पेव्हर ब्लॉक, पाण्याच्या बाजूला फुलझाडांच्या कुंड्या, एक कारंजं. लोक माना डोलवत होते. खरं सांगायचं तर चित्रं सुंदर होती, आणि त्या चकचकीत वाटेवरून मोनिका येतेय असं मला दिसलंही. शेजारी साधनाताई मात्र दोन्ही पाय खुर्चीखाली ओढून बसल्या होत्या.

"दोन्ही वाटा एकसारख्या?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं. गुळगुळीत वाटेला मधला भाग नसतो आणि कडही नसते. पाणी कुठे सुरू होतं हे पायांना तिथे कळणार नाही. गणराजनं तर आधीच सांगून ठेवलं होतं, वाट पक्की झाली की आई एकटी जायची नाही, मला सवड असेल तेव्हा मी नेईन. त्याला सवड कधी असते हे आम्हा दोघींना माहीत होतं.

हात वर करून मतं घ्यायची वेळ आली तेव्हा साधनाताई उठून उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता त्या स्वतःचं सांगतील. त्यांनी विचारलं, आज इथे कंपनीतले किती जण आहेत?

कंपनीतलं कुणीच नव्हतं. निरंजन समजुतीच्या सुरात म्हणाले, "काकू, म्हणून तर रविवार ठेवला. रविवारी सगळ्यांना सुट्टी असते."

"तुमच्या सगळ्यांना," साधनाताई म्हणाल्या. "आमच्या सगळ्यांना गुरुवारी असते."

विजयश्री खुदकन हसल्या. त्यांचे वडील भोसरीत टर्नर होते. लहानपणी त्यांच्या घरातलं लग्नाचं बोलणं, केसांना तेल लावणं, मटण, सगळं गुरुवारीच असायचं. या पट्ट्यातल्या कित्येक कारखान्यांची सुट्टी गुरुवारीच असते, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. पण आमच्या क्लबहाउसमध्ये बसल्यावर ते कुणाला आठवलं नाही. मलाही नाही. विजयश्रींनी फाईल मिटली आणि येत्या गुरुवारी सकाळी, उद्यानातच, दुसरी बैठक घेऊ असं जाहीर केलं.

मधले तीन दिवस साधनाताई बसथांब्यावर जाऊन बसल्या. शिफ्ट सुटायच्या वेळी बसमधून उतरणाऱ्यांना आवाजावरून ओळखून त्या नावानं हाका मारत आणि गुरुवारी यायला सांगत. सगळे त्यांना ओळखत होते. कुणी विचारलं, यायचं ते ठीक, पण बोलायचं काय, तर त्या म्हणत, तुला जे पाहिजे ते बोल. गणराज वैतागला. आपली अडचण लोकांना आधी सांगून ठेवायला नको का, म्हणून आईशी भांडला. त्या म्हणाल्या, बोलवायचं काम माझं, बोलायचं काम त्यांचं. हे मला पटलं नव्हतं. मी असते तर प्रत्येकाला घरी जाऊन पढवून ठेवलं असतं.

गुरुवारी एवढी माणसं आली की बाक पुरले नाहीत. लोक मुरमावरच बसले. कुणीतरी चहाची किटली आणली. मारुतराव आले, ओढ्यालगतची जमीन एके काळी त्यांच्या घराण्याची होती, आणि तिथे आता आमची सोसायटी आहे. निरंजनला बघून ते म्हणाले, "काय साहेब, आज कंपनी बुडवली व्हय?"

"वर्क फ्रॉम होम आहे, मारुतराव."

"मंग घरी ऱ्हायचं न्हाई का?"

हशा झाला, निरंजनही हसले. मग एकेक जण बोलायला लागला. रोहिदास फोर्जिंगच्या कारखान्यात आहे, त्याला बाक सावलीत हवे होते. कारंजं नको, प्यायच्या पाण्याचा नळ हवा होता. बायकांना स्वच्छतागृह हवं होतं. आणि मग वर्षाली उभी राहिली. साधनाताई कामावर असताना त्यांच्याच लाईनवर लागलेली मुलगी, त्यांनीच तिला टेप गुंडाळायला शिकवलं होतं. ती म्हणाली, सेकंड शिफ्ट सुटल्यावर आम्ही याच वाटेनं येतो, पावसात मुरमाचा चिखल होतो, मागच्या वर्षी मी घसरले आणि मनगट मोडलं. वाट पक्की करा आणि दिवे लावा. तिच्या मागे बसलेल्या सगळ्या मुली हो हो म्हणाल्या.

म्हणजे साधनाताईंनी बोलावून आणलेली माणसंही तेच मागत होती. मी त्यांच्याकडे बघितलं. चेहरा नेहमीसारखाच होता, फक्त हातातल्या चपलांचे अंगठे त्या बोटांनी चाचपत होत्या. गणराज उठू लागला तसा त्यांनी त्याचा सदरा धरून त्याला खाली बसवलं.

"वर्षाली बरोबर बोलती," त्या म्हणाल्या. "लिहून घ्या, मॅडम."

"पण साधनाताई," विजयश्री म्हणाल्या, "तुमचं काय? तुम्हीच तर ही बैठक लावली."

तेव्हा कुठे त्यांनी आपलं सांगितलं, तेही फार नाही. पक्की वाट मला पायाखाली कळत नाही. मग हात धरून यावं लागेल. येईन. पण ही पोरगी पुन्हा पडली तर तिची शिफ्ट जाईल, तिचं आधी बघा.

वर्षाली अजून उभीच होती. तिनं विचारलं, "ताई, तुम्ही जाता कुठल्या वाटेनं?"

"खालच्या."

"मी वरच्या. बसथांबा वर आहे ना. खालच्या वाटेला आमच्यातलं कुणी रात्री जातंच नाही." ती विजयश्रींकडे वळली. "मग मॅडम, वरची पक्की करा. खालची आहे तशी राहू द्या."

"आहे तशी न्हाई," मारुतराव मध्येच म्हणाले. "मुरूम पाक झिजलाय. नवा टाका. रोलर मातुर हलका फिरवा, न्हाईतर कडा बी घट हुतील आन बाईला काय कळायचं न्हाई."

इतकं साधं होतं. रविवारी ते कुणाला सुचलं नाही, कारण चित्रात दोन्ही वाटा एकाच रंगाच्या होत्या. निरंजननी मान हलवली आणि कुंड्यांचा मुद्दा आपणहून मागे घेतला. मी शेवटी हात वर केला आणि साकवाला कठडा मागितला. कठड्याला कुणाचीच हरकत नव्हती. साधनाताई म्हणाल्या, मोनिकाच्या आईला दोन कठडे द्या, एकानं भागायचं नाही. त्या दिवशी सर्वात मोठा हशा त्याला झाला.

पावसाळ्याआधी काम झालं. वर पेव्हर ब्लॉक आणि दिवे, खाली नवा मुरूम. वाट पुन्हा उघडली तेव्हा मला वाटलं होतं, साधनाताई आता पहिल्यासारख्या चालतील. पण नवा मुरूम वेगळा निघाला. मधला भाग अजून कुणाच्या पायांनी दाबला गेला नव्हता, सगळीकडे सारखीच खरखर होती. पहिल्या सकाळी त्या फाटकापासून थोडं अंतर गेल्या आणि थांबल्या. एक पाय पुढे टाकून बघितला, मागे घेतला. गणराज म्हणाला, आई, चल घरी, मी धरतो. त्या म्हणाल्या, वाट नवी आहे, मी जुनी आहे, ओळख व्हायला वेळ लागणारच.

त्यानंतर त्या रोज सकाळी आणि संध्याकाळी यायला लागल्या. तेवढ्याच पट्ट्यात पुढे-मागे, पुढे-मागे. रोहिदास आणि त्याचे मित्रही मुद्दाम खालून फिरायला लागले, मधोमध, एकामागे एक. का, असं मी विचारलं तर तो म्हणाला, रोलर हलका फिरवलाय ना, बाकीचं आम्ही पायांनी करतो.

परवा सकाळी मी फाटकापाशी होते. साधनाताई आल्या, चपला काढून हातात घेतल्या आणि नेहमीच्या जागी न थांबता पुढे गेल्या. उंबर मागे पडला. पुढे साकव होता. कठडा अजून एकाच बाजूला बसला आहे, हे आठवून मी त्यांच्या मागे निघाले. जवळ जायचं नाही, धरायचं नाही, फक्त हाताच्या अंतरावर राहायचं, असं मनाशी ठरवून.

साकवाच्या अलीकडे त्या थांबल्या. मागे वळल्या नाहीत.

"मोनिकाची आई," त्या म्हणाल्या, "पुढं व्हा, नाहीतर मागंच थांबा. तुमच्या चपला वाजतायत, मला कड ऐकू येईना."

मी मागे थांबले. जागचा पायसुद्धा हलवला नाही. त्यांनी क्षणभर मान तिरकी करून पाणी ऐकलं, पाऊल जरासं डावीकडे घेतलं आणि साकव ओलांडून करंजांच्या पलीकडे गेल्या. त्या दिसेनाशा झाल्या तरी त्यांच्या पावलांचा दबका आवाज बराच वेळ येत होता, कडेची खरखर नव्हती. वाटेच्या अगदी मधोमध.