पस्तीस पावलांवरची हरणे

शनिवार, १२ फेब्रुवारी १९९४. रक्कम अठरा हजार पाचशे रुपये. हजर: आत्या, मी, आबिड्समधल्या कॅमेऱ्याच्या दुकानाचे मालक आणि त्यांचा विक्रेता. आत्याची चिट्टी, म्हणजे आपल्याकडची भिशी, आदल्याच दिवशी लागली होती, आणि परदेशी लेन्सा आता चोरून नव्हे तर पावतीवर मिळू लागल्या होत्या. विक्रेत्याने हसत विचारले, "शादी के फोटो निकालते क्या, आंटी? उसको इत्ता बड़ा लेन्स नक्को." आत्याने छत्री उलटी धरली आणि तिची मूठ काउंटरवर हाणली. काच या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तडकली. "हरन के निकालती मैं. अब दिखाव." मग काचेचे किती ते विचारून तिने एकशे चाळीस रुपये वेगळे मोजून ठेवले, आणि मालकांनी लेन्स पुढे केली.

आत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. तारनाक्याला आमच्याच घराच्या वरच्या दोन खोल्यांत एकटी राहायची आणि मुलींच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राची प्रयोगशाळा सांभाळायची. मुली तिला 'ॲसिड मॅडम' म्हणत. ते तिला माहीत होते आणि आवडतही होते. तिचा हात फार लवकर उठे. बसमध्ये अंगचटीला आलेल्या एकाला तिने चिरफाडीच्या हत्यारांची लोखंडी पेटी अशी मारली की त्याची भुवई फुटली. मग त्यालाच रिक्षात घालून दवाखान्यात नेले, तीन टाके पडेपर्यंत बाहेर बसली, बिल भरले आणि म्हणाली, "अब माँ को जाके बोल, किसने मारा और काय कू मारा." वडील तिला समजवायला गेले की ती विचारी, "माझा हात कुठे चुकला ते दाखव, दादा."

हीच बाई रानात तीन तास पापणी न हलवता बसत असे. दिलसुखनगर मागे टाकून विजयवाडा रस्त्याने पुढे गेले की तेव्हा खडकाळ माळ लागे. त्यातल्या काही भागात प्लॉटचे पांढरे दगड आणि रंगीत झेंडे लागलेही होते. उरलेल्यावर काळविटांचा कळप चरायचा. माझ्या मोजणीप्रमाणे तेवीस. गुरुवारी आणि रविवारी पहाटे मी तिला स्कूटरवरून नेत असे. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा, रेल्वेच्या हिशेब खात्यात कारकून. माझ्याकडे वही होती. तारीख, रोल, कितवा फोटो, उजेड कसा, आणि अंतर. कळप गेल्यावर आत्याच्या खडकापासून खुरांच्या ठशांपर्यंत मी पावले मोजायचो.

इतर लोक झुडपाआड लपून फोटो काढतात. आत्याला ते मान्य नव्हते. "लपतो तो चोर किंवा वाघ. मी दोन्ही नाही," ती म्हणे. साडीवर आजोबांचा जुना खाकी कोट चढवून ती दरवेळी त्याच पायवाटेने, ताठ, सगळ्यांना दिसेल अशी चालत जायची आणि त्याच खडकाशी बसायची. पहिल्या दिवशी कळप एकशे साठ पावलांवरून उधळला. चार महिन्यांनी नव्वद. नवी लेन्स आली तेव्हा साठ. वर्षभराने पस्तीस. पस्तीस पावलांवर हरणीच्या पापणीचे केस मोजता येतात. त्या दिवशी आत्याने एकही फोटो काढला नाही. परत येताना स्कूटरवर मागून माझ्या पाठीत गुद्दा घातला. "विन्या, बघितलंस? त्यांनी मला ओळखलं." तिला एवढी खूश मी कधी पाहिली नव्हती.

हरणाला कोणी गरीब म्हटले की ती भडकायची. कळपात एक थोराड काळा नर होता, आपल्या हद्दीवर सकाळ-संध्याकाळ फिरणारा. त्याचे नाव तिने जमादार ठेवले होते. एकदा दुसऱ्या नराने त्याची हद्द ओलांडली. दोघांची पिळाची शिंगे एकमेकांत अशी अडकली की वीस मिनिटे सुटेनात. धूळ, फेस, आणि लाकडावर लाकूड आपटावे तसा आवाज. शेवटी शिंगे सुटली तेव्हा दुसऱ्याचा डोळा बाहेर लोंबत होता. मी तोंड फिरवले. आत्याने छत्तीस फोटोंचा अख्खा रोल संपवला. "लिही," ती म्हणाली, "सहा चाळीस ते सात. आणि तोंड इकडे कर. त्याने सोसलं, तुला बघवत नाही?"

त्या माळावर मल्लय्या शेळ्या चारायचा. पन्नाशीचा, कमरेला गोफण, आत्याला 'अम्मा' म्हणणारा. मार्च १९९५ मधल्या एका बुधवारी तो दोन बस बदलून तारनाक्याला आला आणि फाटकाशी उभा राहिला. आत येईना. आत्या खाली आली तसा म्हणाला, "अम्मा, जमादार को मार डाले. दो मादीनां को बी."

आम्ही लगेच निघालो. आत्याच्या खडकासमोर, कळप चरायचा तिथे, रक्त सुकून काळे झाले होते. आतडी, खूर आणि एका हरणीच्या पोटातले न जन्मलेले पाडस तिथेच टाकून दिले होते. थोड्या अंतरावर, जखमी होऊन सरपटत गेलेल्या दुसऱ्या हरणीची रेघ झुडपापर्यंत गेली होती. झुडपाशी तिचा गळा कापला होता. मल्लय्याने काल सकाळी जे पाहिले ते सांगितले. दोघे जण स्कूटरवरून आले. अंगात खाकी शर्ट. पायवाटेने ताठ चालत आले, खडकाशी बसले आणि तिथूनच बंदूक चालवली. "तुमारे सरीकेच आये वो लोगां, अम्मा. जिंका सर उठाके देखे, फिर चरने लगे. भागेच नै." जिंका म्हणजे तेलुगूत हरीण.

आत्याने त्याला दोनदा तेच सांगायला लावले. मग मला म्हणाली, "किती पावलं?" मी मोजली. खडकापासून जमादारच्या रक्तापर्यंत चौतीस.

मला वाटले आता ती कोणाला तरी मारायला निघेल. मारण्यासारखे समोर कोणी नव्हते. "हात नाही चुकला, विन्या," ती म्हणाली, "बसणं चुकलं. दोन वर्षं मी त्यांना शिकवलं, की खाकीतलं माणूस आलं तर पळू नका." जंगल खात्यात तक्रार लिहून दिली. ते दोघे कोण, हे शेवटपर्यंत कळले नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती रोज जाऊ लागली. तोच कोट, तीच पायवाट. कळप तिला पाहून थांबला. जमादारच्या जागी एक कोवळा नर आला होता. फाटक्या कानाची एक जुनी हरणी दोन पावले पुढे आली. आत्याने वाकून दगड उचलला आणि फेकला. तो हरणीच्या पुढच्या पायावर बसला. ती उडाली, लंगडली, आणि पुन्हा उभी राहून बघू लागली. तिला अजून कळले नव्हते. आत्याने दुसरा मारला, तिसरा मारला. "भाग! भाग गं, मेले!" असे ओरडत ती धावत सुटली, पडली, ढोपर फुटले, तशीच उठली. कळप गेल्यावर ती खडकाआड जाऊन ओकली. तोंड पुसून म्हणाली, "किती?"

"चाळीस."

"कमी आहेत. उद्या."

मल्लय्याने तिला गोफण शिकवली. आठवड्याने साठ पावले झाली, महिन्याने एकशे दहा. एका पिलाचा खांदा फुटला. एका मादीचे शिंपलीएवढे कातडे गेले. ते सगळे मी वहीत लिहिले आहे, कारण आत्याने लिहायला लावले. मी एकदा म्हणालो, "आत्या, पुरे गं. जनावरांना काय कळतंय यातलं?" ती म्हणाली, "दुखलेलं कळतं. तेवढंच कळायला हवंय. मोज, बाता नक्को."

मे महिन्यात एका सकाळी धुके नव्हते, वारा नव्हता, आणि उगवत्या उन्हात अख्खा कळप एका रांगेत उभा होता. असा फोटो आम्हाला दोन वर्षांत मिळाला नव्हता. कॅमेरा सवयीने माझ्या पिशवीत होता. मी तो डोळ्याला लावला. आत्याच्या थपडेने माझा चष्मा झुडपात पडला आणि कानात दिवसभर शिट्टी वाजत राहिली. "तुझ्या एका फोटोसाठी ते परत थांबायला शिकतील," ती म्हणाली. नंतर तिने स्वतः काट्यांतून चष्मा शोधला, पदराने पुसून माझ्या नाकावर ठेवला, आणि गोफण फिरवली. तो कॅमेरा तिने पुन्हा हातात घेतला नाही.

तीन वर्षे हे चालले. मग ती जिन्यावरून पडली, खुबा मोडला, आणि माळावर जाणे संपले. तिने मल्लय्याला बोलावून रोजचे दोन रुपये ठरवले: माणसाच्या दोनशे पावलांच्या आत हरीण दिसले की दगड. मल्लय्या कळवळला. "मेरे बकरियां के संग चरते थे वो, अम्मा. बीस साल से. मेरे को देखके बी भागेंगे." आत्या म्हणाली, "भागने दे. तेरे कपडे बी कोई पैन सकता." तो खाली बघत "हौ" म्हणाला.

महिनाअखेरीला मी पैसे द्यायला जाई आणि येऊन तिला आकडा सांगे. दोनशे वीस. दोनशे साठ. ती डोळे मिटून ऐके. मी हरणे कशी आहेत ते सांगू लागलो की हात वर करून थांबवी. १९९८ च्या नोव्हेंबरात एका पहाटे ती गेली. आदल्या संध्याकाळी तिने विचारलेला आकडा तीनशे दहा होता, आणि तो खरा होता. मी फुगवून सांगितलेला नव्हता.

तिचे दिवस झाल्यावर मी माळावर गेलो. प्लॉटचे दगड पायवाटेच्या अलीकडे येऊन पोचले होते. मल्लय्याला महिन्याचे साठ रुपये दिले. त्याने ते मोजले, त्यातले सोळा माझ्या हातावर परत ठेवले आणि रस्त्यापलीकडे, जंगल खात्याच्या काटेरी तारेआडच्या राखीव रानाकडे बोट दाखवले.

"आठ दिन हुए, जिंका सब उदर चले गये. आदमी की आवाज आई की भागते. मैं किसको मारूं?"

मी म्हटले, ठेव, अम्मानेच दिलेत. तो ठेवेना. तेव्हा हिशेब असा राहिला: दिवस बावीस, रुपये चव्वेचाळीस, मल्लय्याला पोचले.