उपग्रहाचा दहावा

आमच्या धाकट्या भावजींइतकं उत्तर ध्रुवावर बारीक लक्ष अख्ख्या बदलापुरात कुणाचं नसेल. खुद्द तिथल्या अस्वलांचं तरी असतं की नाही, देव जाणे. माणूस उल्हासनगरात विजेच्या जळक्या मोटारी रिवाइंड करता करता म्हातारा झाला, बायको गेल्यावर बदलापूरच्या शिरगावात आमच्या खालच्या मजल्यावर राहायला आला, आणि पृथ्वी हेच एक मोठं चुंबक आहे असं कुठेतरी वाचून जो तिच्या नादी लागला, तो लागलाच. ध्रुवांवरून फेऱ्या मारणारा एक उपग्रह होता. सूर्याकडून येणारे विद्युतभारित कण तिथे किती शिरले ते तो मोजायचा, आणि भावजी टॅबवर ते बघून बिल्डिंगभर सांगत सुटायचे.

"वहिनी, लग्नाचा मांडव असतो ना, तशी पृथ्वी. चहूकडून कनात. आगंतुक आले की आपटून बाजूला जातात. पण वरच्या-खालच्या टोकाला कनात ढिली. तिथून घुसतात लेकाचे!"

"मग जेवून जातात का?"

"हवेला धडकतात, उजेड पाडतात आणि संपतात."

लाइट गेली की पोरं मुद्दाम विचारायची, "काका, आज ध्रुवावर लफडा आहे काय?" भावजी खवळायचे. "डीपीवर खार चढली असेल, तिला धरा. ध्रुवाला कशाला नावं ठेवता?"

मग एका सकाळी तो उपग्रहच बंद पडला. जुना झाला होता, बॅटरी गेली म्हणे. भावजी दोन दिवस धड जेवले नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले, त्याचा दहावा घालणार.

"गोत्र कुठलं सांगशील?" आमच्या यांनी विचारलं.

"दादा, तो जन्मभर फेऱ्या घालून मेलाय. गोत्र तुम्ही शोधा."

दहाव्या दिवशी गच्चीत केळीच्या पानावर भाताचा गोळा ठेवला. कावळे टाकीवर रांगेत बसलेले, पण शिवेल तर शपथ. भावजींनी हात जोडले. "दुसरा उपग्रह शोधीन. ध्रुव सोडणार नाही." एकही हलेना. उन्हं चढली, तसं यांचं हसू थांबलं. भावजींच्या तोंडाकडे बघवेना.

मला वाटलं, त्या यंत्राचं काय राहिलं असणार? त्याने आपलं काम केलं. माझी जाऊ होती तोवर भावजींचं सगळं तिने ऐकलं. नंतर आम्ही नुसते हसलो. मी मनातल्या मनात त्या उपग्रहाला म्हटलं, बाबा रे, रोज सकाळी मी ऐकेन त्यांचं.

कावळा उतरला, गोळा घेऊन गेला.

"बघितलंत? दुसऱ्या उपग्रहाचा शब्द दिला म्हणून आला!" भावजी म्हणाले. मी केळीचं पान उचललं.

आता रोज साडेसातला नव्या उपग्रहाचे आकडे घेऊन ते आमच्या स्वयंपाकघरात येतात. मला त्यातलं फारसं कळत नाही, चहा मात्र गार होतो. काल आठ वाजले तरी आले नाहीत, तेव्हा गॅस बंद करून मीच जिना उतरले.