अर्धं डोकं कापून झाल्यावर

घरपोच काकूंना एका जागी बसवत नाही, असं त्यांची लेक म्हणायची, आणि ते खोटं नव्हतं. ज्यांना जिना उतरवत नाही अशा माणसांचे केस त्यांच्या घरी जाऊन कापायचे, हा काकूंचा तेवीस वर्षांचा धंदा. दिवसभर जिने चढून आलेल्या बाईने संध्याकाळी तरी टेकावं! पण नाही. केस कापायचं बिनवायरचं मशीन सुरू करायचं आणि ते गुरगुरत असताना हातात धरून घरभर हिंडायचं. ते पार बंद पडलं की मगच चार्जिंगला लावायचं.

ही शिस्त काकूंच्या मामाची. त्यानेच काकूंना कात्री धरायला शिकवली. मशीन पूर्ण रिकामं झाल्याशिवाय भरायचं नाही, हे त्याचं सांगणं त्याच्या काळच्या मशिनांना मानवायचंही. मामा गेला, ती मशिनं भंगारात गेली, शिस्त तेवढी राहिली. नव्या बॅटरीला रोज तळ दाखवला तर ती लवकर म्हातारी होते, असं लेकीने दोनदा समजावलं. काकूंनी दोन्ही वेळा ऐकून घेतलं आणि मशीन घेऊन पुन्हा हिंडायला लागल्या. हट्टीपणात त्या कुणाला हार जाणाऱ्यातल्या नव्हत्याच.

खरं तर मशिनाला जपायचं कारण निराळंच होतं. वर्षभर काकूंचा उजवा हात थरथरत होता. मशीन चालू असलं की त्याच्या थरथरीत हाताची खपून जायची. कात्री पिशवीच्या तळाशी पडून होती. गिऱ्हाइकाला हात दिसला की धंदा बसला, या धास्तीने त्यांना धड झोपही लागत नसे.

त्या दुपारी त्या सरांकडे गेल्या. सर म्हणजे भूमितीचे निवृत्त शिक्षक. तिसरा मजला, गुडघे कामातून गेलेले. भांडून गेलेला मुलगा नऊ वर्षांनी चार वाजता येणार होता. सरांनी इस्त्रीचा सदरा पलंगावर पसरून ठेवला होता आणि दर पाच मिनिटांनी घड्याळाकडे बघत होते. काकूंनी घरून निघताना मशिनाचा हिरवा दिवा तीनदा तपासला होता.

उजवी बाजू झाली. डाव्या कानापाशी मशिनाचा आवाज बसला, एक केस ओढला गेला आणि मशीन थांबलं. तीन वाजून दहा मिनिटं.

काकूंनी ते चार्जिंगला लावलं. हे मशीन चार्ज होताना चालत नसे. मग काय, भिंतीवरच्या बटणापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून बटणापर्यंत येरझाऱ्या. सर अर्ध्या डोक्याने आरशासमोर बसलेले. दहा मिनिटांतच हिरवा दिवा लागला तेव्हा काकूंचा जीव भांड्यात पडला. मशीन दोन मिनिटं चाललं आणि पुन्हा गप्प झालं.

आता कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. दिवा भरल्याचं सांगत होता. किती मावतंय ते सांगत नव्हता. आणि मावेनासं केलं होतं त्यांनीच, रोज संध्याकाळी, घरभर हिंडून. त्यांना स्वतःचाच भयंकर राग आला.

त्यांनी सरांना आजच्यापुरती टोपी घालायला सुचवलं.

"नको," सर म्हणाले. "टोपी घालून भेटलो तर त्याला वाटेल, म्हातारा अजून काहीतरी लपवतोय."

काकू पुन्हा खिडकीशी गेल्या, परत आल्या. मग पिशवीत कोपरापर्यंत हात घालून कात्री काढली. ती हातात आल्याबरोबर पात्यांचा किटकिट आवाज सुरू झाला.

"सर, माझा हात थरथरतो. वर्ष झालं."

"बघितलं मी. मशीन बंद पडलं तरी तुमचा हात थांबला नव्हता." सरांनी मान पुढे केली. "कापा. मी हलत नाही."

काकूंनी मनगट सरांच्या डोक्यावर टेकवलं आणि चार-चार केस धरून कापायला लागल्या. इतकं हळू त्यांनी शिकतानाही कापलं नव्हतं. आपण कान कापू, या भीतीने त्या दर वेळी आधी कान दुमडून घेत होत्या.

कानामागचा मोठा पट्टा राहिला होता, तेवढ्यात बेल वाजली. चाराला दहा कमी. काकूंनी जाऊन दार उघडलं, कात्री पाठीमागे धरून. मुलगा आत आला, वडिलांचं ते पाऊण कापलेलं डोकं बघून दारातच थबकला.

"बस," सर आरशातूनच म्हणाले. "बाईंचं व्हायचंय अजून."

मुलाने खुर्ची ओढून वडिलांच्या अगदी जवळ घेतली. काकू मागे येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी लपवलेली कात्री पुढे आणली. हात थरथरतच होता, आणि आता दोघंही बघत होते.