खंडेनवमीचा चक्का

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. देवापुढे उभी राहिले तरी डोळे मिटून भलतंच काहीतरी मागते. मग तुम्हाला का सांगते आहे? खरं सांगू — मलाही नीट कळत नाही.

तुर्भ्याला एका आयातदाराच्या कोल्ड स्टोरेजमध्ये मी क्वालिटी बघते. परदेशातून ताजं चीज विमानानं येतं. त्याचं आयुष्य मुळातच थोडं. त्यात नमुने तपासणीला जाणार, रिपोर्ट येईपर्यंत एक डबाही विकायचा नाही, आणि तोवर सगळा माल गार ठेवायचा. म्हणजे नियम आले, आणि आमच्याकडे नियम म्हणजे मी. थंड खोलीत स्वतःचं खाणं ठेवायचं नाही, हा तर माझा लाडका नियम. कुसुममावशीनं एकदा सुकटीच्या चटणीचा डबा आत ठेवला होता, तेव्हा मी सगळ्यांसमोर तिला अशी झाडली की बिचारी पुढे कितीतरी दिवस डबा बाहेर पायरीवरच ठेवायची.

मावशी बोनकोड्याची. पॅकिंग, झाडलोट, दारं लावणं तिच्याकडे. मला ‘बाय’ म्हणायची. बाकी सगळे मॅडम म्हणायचे.

तर — खंडेनवमी. त्या दिवशी आमच्याकडे यंत्रांची पूजा असते. कॉम्प्रेसरला हळदकुंकू, वजनकाट्याला हार. थंड खोलीच्या दाराला मावशीनं झेंडूचं तोरण बांधलं होतं, दोन्ही बाजूंनी खाली लोंबणारं. दार उघडं राहिलं की खोलीचा भोंगा वाजतो. आरतीत तो नको म्हणून मालकांनी बंद करायला लावला. नंतर तो चालू करायचं कुणाच्याच लक्षात राहिलं नाही. माझ्याही नाही — आणि ते काम माझं होतं.

पण मी हे सांगायला बसले नव्हते. बघा, अजूनही आडवळणानंच चालले आहे.

दसऱ्याला डेअरीसमोर रांग लागते, म्हणून श्रीखंडासाठी चक्का मी आदल्या दिवशीच, कामावर येता येता घेतला होता. ऑफिसचा फ्रिज सरबताच्या बाटल्यांनी भरलेला. मग तो चक्का मी कुठे ठेवला असेल? हो. आत, चीजच्या खोक्यांमागे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

पूजा झाली, पेढे वाटले, माणसं पांगली. मावशीनं दार लावलं, दोनदा ओढून पाहिलं आणि घरी गेली. मी माझ्या टेबलावरून पाहत होते. नंतर मला चक्का आठवला. मी दार उघडलं, चक्का घेतला. एका हातात तो, दुसऱ्या हातात पर्स आणि पेढे, म्हणून दार कोपरानं ढकललं आणि निघाले. दसऱ्याला श्रीखंड सुरेख झालं. सगळ्यांनी मागून मागून खाल्लं.

सुट्टीनंतर आलो तर दाराच्या रबरात झेंडूची माळ अडकलेली, दार बोटभर उघडं, आणि आतलं चीज कोमट.

मालक म्हणाले, “परत गार करू, विकून टाकू. कुणाला काय कळतंय?” मी म्हटलं, एकही डबा बाहेर जाणार नाही. भांडले. नोकरी सोडेन म्हणाले, आणि ते खरंच मनापासून होतं. सगळा माल मी उभं राहून नष्ट करून घेतला. पोरं माझ्याकडे आदरानं बघत होती — आणि ते मला आवडत होतं, हेही सांगून टाकते.

मग मालकांनी विचारलं, दार शेवटी कुणी लावलं?

मावशीच पुढे झाली. “मीच लावला व्हता, शेट.” मी तोंडात मिठाची गुळणी धरून उभी. त्याच दिवशी तिला काढलं.

आता मला सांगा, मी कोण? ज्या लोकांची तोंडंही कधी बघणार नाही, त्यांच्या पोटांसाठी मालकाशी भांडले. आणि शेजारी उभ्या असलेल्या बाईसाठी एक वाक्य नाही निघालं? नोकरीची भीती होती का? ती तर मी तासाभरापूर्वीच सोडायला निघाले होते! मग कशाची? फार शोधलं तरी एवढंच सापडतं — लोक हसले असते. मॅडमचा चक्का निघाला म्हणून हसले असते. एवढ्याचसाठी? एवढ्यासाठी कुणी असं करतं? मला कळत नाही. पण मी केलं.

परवा मावशी कोपरखैरण्याच्या बाजारात भेटली. मला पाहून तिला कोण आनंद झाला. माझा हात हातात धरून बोलत राहिली. त्यानंतर तिनं कुठेच काम धरलं नाही म्हणाली, आपल्या हाताचा भरवसा वाटत नाही. घरातून निघाली की अर्ध्या रस्त्यातून परत जाते, कडी लावली का बघायला. गॅसला हात लावत नाही. सुनेनं किल्ल्या आपल्याकडे घेतल्यात आणि मावशीला ते पटतंही.

“बाय, तू शिकलेली हायस,” ती हळूच म्हणाली. “मना आठवतंय का दार मी नीट लावला व्हता. दोनदा वढला व्हता. पन मंग तो उगडा कसा गो? मना इसरायचा रोग जालाय काय?”

माझा हात तिच्या हातात होता. आजूबाजूला आमच्या ओळखीचं कुणी नव्हतं. हसायलाही कुणी नव्हतं.

“वयानुसार होतं मावशी,” मी म्हणाले.

तिनं मान हलवली. माझं म्हणणं तिला पटलं.