तीन इंच कमी

अमेरिकेतली कॉलेजं आपल्या बास्केटबॉल संघासाठी मुलं कशी शोधतात, याचा आमच्या घराला दोनदा अनुभव आहे. एकदा माझ्या वेळी, नव्वदीच्या सुरुवातीला. आणि दुसऱ्यांदा दहा-एक वर्षांनी, धाकट्या भावाच्या वेळी.

आम्ही दुबईत, अल कुसैसला राहायचो. मी बारावीत, शाळेच्या संघाची कॅप्टन, उंची पाच फूट अकरा. ओळखीच्या मराठी मंडळींच्या मते हा एक आजार होता. हळदीकुंकवाला आलेली बाई आधी मान वर करून माझ्याकडे बघायची आणि मग कणवेने आईकडे. मला मात्र अमेरिकेत जाऊन खेळायचं होतं, दुसरं काही सुचतच नव्हतं. पीटीच्या सरांनी एका कॉलेजचा पत्ता मिळवून दिला. तिथल्या कोचना खेळाची टेप आणि माहितीचं पत्र पाठवायचं. पसंत पडलीस तर फीचा आणि राहण्या-जेवणाचा खर्च कॉलेज करेल, असं ते म्हणाले.

टेपसाठी बाबांनी लग्नांचं शूटिंग करणारा माणूस आणला. त्याने सुरुवातीला गणपती घेतला, मग शाळेचं गेट, मग प्रमुख पाहुण्यांचा सत्कार. मी बास्केट केलं रे केलं, की कॅमेरा टाळ्या वाजवणाऱ्या आईबाबांकडे वळायचा, कारण अक्षता पडल्यावर तसंच करतात. चाळीस मिनिटांत बॉल अधूनमधून दिसला, हे त्याचे उपकारच.

पत्र आईने लिहिलं. तिला एकच नमुना ठाऊक होता, स्थळांना पाठवायचा. त्यामुळे मुलगी गव्हाळ वर्णाची आहे, तिला स्वयंपाकाची आवड आहे आणि वडिलांचं रास अल खोरला स्वतःचं वर्कशॉप आहे, एवढं सगळं त्या कोचना कळलं. उंची तिने पाच फूट आठ लिहिली. ते मी पाहिलंच नाही. बाबांच्या वर्कशॉपच्या ऑफिसात टाइप होऊन पत्र परस्पर कुरिअरने गेलं.

महिन्याभराने ऑफिसात फॅक्स आला. कोचबाईंनी फार सभ्यपणे लिहिलं होतं, की खेळ आवडला, पण पाच-आठची मुलगी त्यांच्या कामाची नाही. मी आईला जाब विचारला. ती म्हणाली, स्थळांना कमीच लिहायची सवय, हातून गेलं. मी स्वतः खरी उंची फॅक्स केली. तोवर जागा भरली होती. दोन दिवस मी जेवले नाही, आणि मग सगळ्यांसारखं बी.कॉम. केलं.

पुढे जग फार सुधारलं. भाऊ अल ऐनला एका स्पर्धेत खेळला, मित्राने त्याची सीडी बनवली. तिच्यात फक्त आत गेलेले बॉल होते; चुकलेले त्याने जणू कधी टाकलेच नाहीत. आता कॉलेजंच आर्जवं करू लागली. तू आमच्या कुटुंबातलाच आहेस, अशी एका कोचची ईमेल आली. नाव बदलून तीच भावाच्या संघातल्या आणखी दोघांना आली होती. भलतंच मोठं कुटुंब होतं ते.

त्याचा फॉर्म कॉम्प्युटरवर भरायचा होता, त्या दिवशी मी माहेरी आले होते. आई त्याच्या शेजारी खुर्ची घेऊन बसली होती. उंचीचा रकाना आला तेव्हा तिने सहा-चार लिहायला सांगितलं. तो होता सहा-दोन.

"मॉम, दॅट्स चीटिंग," तो म्हणाला.

"लिही रे. तिथे आधी उंचीच बघतात."

हे तिला कधीपासून माहीत आहे, असं मी विचारलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही. तुझ्या वेळीच पीटीच्या सरांनी सांगितलं होतं, म्हणाली.

"मग माझी कमी का लिहिलीस?"

"तू गेली असतीस."

"आणि हा?"

"हा मुलगा आहे. शिकेल आणि येईल परत."

मला तिचा भयंकर राग आला. आजही येतो. भावाने शेवटी सहा-दोनच लिहिलं, तरी त्याला घेतलं, आणि तो तिकडचाच झाला. सणाला फोन करतो. आईचे गुडघे गेलेत, तिला दवाखान्यात मी नेते, औषधं मी आणते. कुणाला जवळ ठेवायचं, हे तिच्याइतकं अचूक एकाही कोचला कळलं नसतं.