आक्कानं मळून ठिवलेला गोळा

आजऱ्यास्नं फोन आला तवा मी आरूला भात भरवत हुतो. भाऊजी, म्हंजे आक्काचं मालक, नुसतं "तुझी आक्का..." म्हणालं आन् पुढं त्यास्नी बोलायलाच येईना. मी म्हटलं, काय झालं, बस चुकली व्हय? बस तिची कायम चुकायची, म्हणून. मग कुठल्या तरी बाईनं फोन घेतला, म्हणाली, "पावणं, तुमी सगळी निघा आता." एवढंच. निघा म्हंजे काय ते कळलं मला, तरी घास हातात धरून तशीच बसून राहिलो. आरूनं तोंड उघडलेलं, आन् माझा हात काय फुडं जाईना...

आक्का म्हंजे माझी थोरली जाऊ, आरूची मोठ्याई. माहेरात भाच्याचा साखरपुडा हुता म्हणून गेल्ती. अंगणात भांडी घासता घासता छातीत कळ आली, तितंच भिताडाला टेकली आन् संपलं. आता महिना उलटून गेला, पण मला अजून सरळ सांगायला येत न्हाई, समदं एकदमच तोंडात येतंय.

माझी आरू चार वर्साची. जन्मल्यापास्नं तिच्या उजव्या हाताची मूठ मिटलेली, बोटं उघडायचीच न्हाईत. राजारामपुरीत व्यायामाच्या डॉक्टरीणबाई हाईत, त्या म्हणाल्या हाताला काम द्या, मऊ काय तरी दाबू द्या. आणलेला रबरी चेंडू तिनं भिरकावून दिला. आक्का बालवाडीत मदतनीस हुती, ती म्हणाली, "थांब गं, रडतीस काय, मी करतो." मैदा घेतला, त्याच्या निम्मं मीठ, जरा तेल, लिंबू पिळलं, पाण्यात जिलेबीचा रंग कालवला, आन् कढईत घालून मंद गॅसवर हलवत बसली. गोळा कढई सोडाय लागला की उतरवायचा, आन् कोमट असतानाच मळायचा. असा मळायची की त्याच्यावर एक रेघ ऱ्हायची न्हाई. "पोरांनी तोंडात घातला तर थुकाय पायजे, म्हणून मीठ," म्हणायची. आन् आरूनं बघा, तो केशरी गोळा बघितला आन् मिटलेल्या मुठीतनं एक बोट भाईर काढलं आन् खुपसलं त्यात... मी तवा मोठ्यानं रडलो.

पण आमच्यात मळलेलं पीठ गुळगुळीत ठेवत न्हाईत. कणीक मळली तरी बायका वर चार बोटं उठवत्यात. बोटं न उठवता गोळा ठिवला तर तो पिंड हुतोय, आन् पिंड म्हटलं की कोण तरी खायला येतंय. सासूबाई, आमी त्यास्नी आत्ती म्हणतो, त्या डबा उघडून बघायच्या आन् वरडायच्या. आक्का काय ऐकती? ती म्हणायची, आधीच बोटं उठलेली असली की आरू हात लावत न्हाई, पैलं बोट तिचंच पायजे. आत्ती लईच मागं लागल्या तवा एकदा म्हणाली, "आत्ती, मिठानं खारट झालाय, भूत बी थुकंल की! आन् मी मेलो तर ह्योच ठिवा घाटावर, उगं तांदूळ कशाला नासताय." आमी हसलो. आत्ती तेवढ्या हसल्या न्हाईत.

आजऱ्याला जाताना बी ती गोळा करून डबा भरून गेल्ती, मागं पोरीचं अडू ने म्हणून. ती गेल्यावर आत्तींनी पैलं काय केलं, तर तो डबा काढला. आत गोळा जसाच्या तसा हुता, मऊ, बोट न लागलेला. "बघ," म्हणाल्या. मी झटक्यानं झाकण लावलं.

दहाव्याला घाटावर आरूला ठिवायचं कुणाकडं म्हणून मी कडंवर घेऊन गेलतो. पानावर पिंड मांडल्यालं. गुरुजी कायतरी म्हणत हुते. आन् आरू वरडली, "मोठ्याईचा गोळा!" आन् हात फुडं केला. उजवा. पाच बी बोटं उघडी... एवढी बोटं तिनं जन्मात कवा उघडली न्हवती. दुसरी आई असती तर नाचली असती. मी तिचा हात धरून पदरात कोंबला. सगळी माझ्याकडं बघत हुती.

त्या दिवसापास्नं घरात गोळा बंद. आत्तींनी डबा नदीला सोडला. मला बी भ्या वाटायचं. मी घरात बोटं उठवून कणीक द्यायचो आरूला, ती ढकलून द्यायची. बघता बघता मूठ परत मिटली, अंगठा आत गेला, नखं तळव्यात रुतायला लागली. डॉक्टरीणबाईंनी बघितलं आन् माझ्यावर चिडल्या. "बंद का केलंत? हे असंच आखडत गेलं तर उद्या मलाही उघडता येणार नाही." मी रिक्षात बसून तिची बोटं सोडवत हुतो, ती कळवळत हुती.

घरी आलो आन् ह्यांना बी न इचारता कढई ठिवली. मैदा, मीठ घालून गोळा शिजवला. मळला. आक्कासारखा जमंना, पण रेघा मोडस्तवर मळला. आत्ती आल्या. मला वाटलं आता कढई भिरकावत्यात. वाकून कढईत बघितलं. मग म्हणाल्या, "पोरीच्या हातासाठी करतीस, कर. मी दारात बसतो. मी हाय तवर भाईरनं आत काय बी येत न्हाई." आन् उंबऱ्यावर जाऊन बसल्या, पाठ आमच्याकडं, तोंड गल्लीकडं. आता रोज दुपारी बसत्यात. गल्लीतलं कुत्रं जरी आलं तरी हातातली काठी आपटत्यात.

आत मी आन् आरू, फरशीवर. भिताडाकडंची जागा आक्काची हुती, तितं पाठ टेकून ती पाय पसरून बसायची. काल आरूनं पैलं बोट उठवलं, मग दुसरं. मला लई बरं वाटलं, मी जवळ सरून भिताडाला टेकलो. तशी आरू गोळ्यावरची नजर न काढता म्हणाली, "आई, तितं नगं. सरक की."

दारात आत्ती बसल्याल्या, काठी घेऊन.

मी सरकलो. आन् तिचा हात बघत ऱ्हायलो, तिसरं बोट उघडत हुतं.