आपल्या बाजूची रेघ

माझे बाबा घरात फारसं बोलत नसत. त्यांचं सगळं बोलणं बॅडमिंटनच्या हॉलमध्ये व्हायचं, आणि तेही बरंचसं तोंड न उघडता.

हॉल सार्वजनिक होता, म्हणजे सगळ्यांचा आणि कुणाचाच नाही असा. वर पत्र्याचं उंच छप्पर, खाली दोन कोर्टं आणि भिंतीला लागून एक लांबलचक बाक. येणाऱ्याने आपली रॅकेट त्या बाकावर ओळीने ठेवायची. पहिल्या चार रॅकेटींचा एक डाव, मग पुढच्या चार. वशिला नाही, ओळखपाळख नाही. कंपनीचा साहेब असो की कॉलेजातली पोरगी, जिथे रॅकेट तिथे माणूस. ही पद्धत कुणी सुरू केली ते कुणालाच ठाऊक नव्हतं, पण ती राखायचं काम बाबांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. आई म्हणायची, "लष्कराच्या भाकऱ्या भाजायला रोज पहाटे उठतात!"

एखादा हुशार माणूस रॅकेट ठेवून चहाला सटकायचा आणि नेमका आपल्या डावाला उगवायचा. बाबा त्याची रॅकेट उचलून ओळीच्या शेवटी ठेवत आणि शांतपणे जागेवर जाऊन बसत. तो येऊन तणतणला की म्हणत, "तुमची रॅकेट कंटाळली हो, मागे जाऊन बसली." डाव चालू असताना कोर्टामागून कुणी चालू लागलं की बाबांचा हात आडवा व्हायचा. समोरच्याला शटल पायाने सरकवून दिलेलं त्यांना खपत नसे. वाकायचं, उचलायचं आणि सर्व्हिस करणाऱ्याच्या हातात पडेल असं नेटवरून द्यायचं. बाकावर रॅकेटी थांबल्या असताना दोघांनीच कोर्ट अडवून एकेरी खेळायचं नाही. हे सगळं ते कुणाला समजावून सांगत नसत. स्वतः करत आणि समोरच्याकडे बघत. शहाण्याला तेवढं पुरायचं, आणि बाकीच्यांना औषध नसतं असं त्यांचं म्हणणं.

सगळ्यात मोठा नियम रेघेचा. तिथे पंच कुठला असायला! शटल ज्याच्या बाजूला पडेल त्याने सांगायचं, आत की बाहेर. समोरच्याने ते मुकाट मान्य करायचं, भुवईसुद्धा उडवायची नाही. मी लहानपणी विचारलं होतं, "आणि तो खोटं बोलला तर?"

"एकदा बोलेल, दोनदा बोलेल," बाबा म्हणाले. "मग त्याच्या शेजारी कुणी रॅकेट ठेवणार नाही."

"आणि त्याला नीट दिसलंच नसेल तर?"

"तर पॉइंट समोरच्याला. आपल्या बाजूची रेघ आपल्यालाच जास्त नीट दिसते. म्हणूनच तर जबाबदारी आपली."

पोटापाण्यासाठी बाबा लिफ्ट दुरुस्त करत. आयुष्यभर त्यांनी लोकांना वर चढवलं आणि आम्ही मात्र बिनलिफ्टच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर जिने तुडवत राहिलो. यावरून आईने केलेले विनोद सांगायला बसले तर वेगळं पुस्तक होईल. कामातली एकच गोष्ट ते घरी सांगत. म्हणत, "लिफ्ट मजल्यापेक्षा हातभर वर थांबली तर कुणी पडत नाही. ते दिसतं ना. बोटभर वर थांबली की माणूस तोंडावर आपटतो." त्यामुळे बोटभर फरकासाठी ते दिवसदिवस घालवत आणि मालकांच्या शिव्या खात.

आई गेली, बाबा निवृत्त झाले, माझं लग्न होऊन मी दुसऱ्या गावी आले. मग एका सकाळी बाबांच्या हातून चहाचा कप पडला. तो उचलताना तोंडातून शब्द नीट फुटेना. शेजारच्या मावशींनी वेळेत दवाखाना गाठला म्हणून निभावलं. जीभ वाचली, हात वाचला, डावा पाय तेवढा जरा मागे राहिला. "पाऊल उचलायच्या आधी त्याला विचारावं लागतं," असं बाबा गमतीने सांगत. झेपेल तेवढं खेळायला डॉक्टरांनी परवानगी दिली आणि बाबा पुन्हा हॉलमध्ये जाऊ लागले.

मला ते माझ्याजवळ हवे होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मी फार निःपक्षपाती वगैरे होते असा कुणाचा समज व्हायला नको. आमच्या घरी तळमजल्यावर खोली रिकामी होती. तिला मी रंग दिला, बाथरूममध्ये धरायला दांडा बसवला आणि रोज फोनवर तेच दळण दळू लागले. बाबांचंही उत्तर ठरलेलं असायचं.

"काल पुन्हा जिंकलो. औषधवाला होता समोर. तुझ्याहून लहान आहे तो. आणि तू मला आजारी म्हणतेस?"

जिंकणाऱ्या माणसाला उचलून कसं आणायचं? मला अभिमानही वाटायचा, हे कबूल करते. नवऱ्याला सांगायचे, सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते हे.

मग शेजारच्या मावशींचा फोन आला. बाबा त्यांना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर बसलेले दिसले होते, दुधाची पिशवी मांडीवर घेऊन. विचारलं तर म्हणाले, वारा खातोय. त्या वळणावर खिडकी नाही.

सुट्टी काढून मी गेले आणि बाबांबरोबर सकाळी हॉलमध्ये जाऊन बाकावर बसले.

औषधवाल्याचं कोपऱ्यावर औषधांचं दुकान होतं. शाळेत असताना बाबांनीच त्याला रॅकेट धरायला शिकवलं होतं. आज तो समोरच्या बाजूला होता. बाबांनी मारलेलं शटल मागच्या रेघेच्या चांगलं हातभर बाहेर जाऊन पडलं. औषधवाला ओरडला, "आत! काय मारलंत काका!" पुढचं शटल कडेच्या रेघेबाहेर पडलं. "आत!" त्याचा जोडीदारही टाळ्या वाजवत होता. बाबांच्या डाव्या बाजूला मागे, जिथे तो पाय त्यांना नेऊ शकत नव्हता तिथे, दोघांपैकी कुणीही शटल टाकत नव्हतं. सगळं कसं ताटात वाढल्यासारखं बाबांच्या रॅकेटवर येत होतं. बाबा जिंकले. सगळा हॉल हसतमुख होता आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

औषधवाला पाणी प्यायला आला तेव्हा मी त्याला गाठलं.

"हे काय चाललंय?"

"ताई, हळू बोला," तो म्हणाला. "सगळ्यांनी मिळून ठरवलंय. काकांनी आम्हाला इतकं शिकवलं, आम्ही तेवढंही करू नये?"

"त्यांनी तुम्हाला खोटं बोलायला शिकवलं?"

"खोटं कसलं? औषध समजा. किती खूश असतात बघा."

"रोगापेक्षा औषध भयंकर! तुम्ही त्यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवून बसवलंय. त्या जोरावर ते तिसऱ्या मजल्यावर एकटे राहतात. उद्या जिन्यात पडले तर?"

त्याने पाण्याची बाटली खाली ठेवली. मग माझ्याकडे नीट बघून म्हणाला, "आणि खरं कळलं तर तुम्ही त्यांना तुमच्या गावी नेऊन बसवणार. तिथे हा हॉल नाही, आम्ही नाही. तेही औषध कडूच आहे ना ताई?"

माणूस वाईट नव्हता. इतका वेळ मला त्याचा राग करणं सोपं वाटत होतं, आता तेही अवघड झालं.

मी कुणाची तरी जास्तीची रॅकेट मागून घेतली आणि ओळीच्या शेवटी ठेवली. आमचा डाव लागला तेव्हा माझ्या बाजूला एक उंच कॉलेजकन्या आली. समोर बाबा आणि औषधवाला. बाबांनी मला बघून डोळे मिचकावले. लग्नाआधी आम्ही याच कोर्टावर खूप खेळलो होतो.

पहिलं शटल मी त्यांच्या डाव्या हाताच्या मागच्या कोपऱ्यात टाकलं. ते वळले, पाय वळला नाही. शटल रेघेच्या आत पडलं. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं.

"आत," ते म्हणाले.

दुसरंही मी तिथेच टाकलं. "आत." बाकावरचे सगळे माझ्याकडे बघू लागले. कुणीतरी च्यक् केलं. ते माझ्यासाठी होतं हे न कळण्याइतकी मी दुधखुळी नव्हते. तिसरं शटल जरासं बाहेर गेलं. औषधवाल्याने घाईघाईने बाबांकडे पाहिलं.

"बाहेर!" बाबा म्हणाले. काय खणखणीत म्हणाले! वाकून त्यांनी शटल उचललं आणि सर्व्हिसला उभे राहिले.

मी थांबले नाही. स्मॅश मारले, मागे पळवलं, पुढे खेचलं. बाबांना धाप लागली. एकदा ते कोलमडता कोलमडता वाचले आणि मला वाटलं, रॅकेट टाकावी आणि घरी जावं. पण त्यांनीच हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि औषधवाल्याला म्हणाले, "मागचं सगळं तू घे. मी पुढे उभा राहतो. आणि हो, नीट खेळ."

नेटजवळ मात्र त्यांचा हात अजून शाबूत होता. तिथे त्यांना पळावं लागत नव्हतं. मनगट हललं न हललं असं करून त्यांनी एक शटल नेटला घासून माझ्या बाजूला सोडलं. मी धावले, पोचले नाही. ते कडेच्या रेघेच्या आत पडलं.

"आत," मी म्हणाले.

बाबा नेटजवळ आले. माझ्या तोंडाकडे बघत त्यांनी विचारलं, "खरंच?"

ज्या माणसाने आम्हाला भुवई उडवायला बंदी केली होती, तो विचारत होता. हॉलमध्ये सगळ्यांनी ते ऐकलं. औषधवाल्याने मान खाली घातली.

"खरंच बाबा," मी म्हणाले. "बोटभर आत होतं. मी दिलेलं नाही, तुम्ही मिळवलंत."

डाव ते हरले, आणि चांगलेच हरले. मिळालेले पॉइंट मात्र सगळे त्यांचे होते. आम्ही बाकाच्या टोकाला बसलो. बराच वेळ ते घाम पुसत राहिले.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"पहिल्या आठवड्यातच कळलं. शटल पार भिंतीजवळ, आणि हा पठ्ठ्या ओरडतोय आत."

"मग बोलला का नाहीत?"

"त्यांच्या बाजूची रेघ. मी कसं बोलणार?" मग म्हणाले, "आणि आवडायचंही गं. जिंकलेलं कुणाला नको असतं? तुला फोन करताना तर फारच आवडायचं. पण पुढे पुढे माझं मलाच कळेना. एखादं खरंच आत पडायचं, तरी वाटायचं, हेही दिलं असेल. जिन्यात दम लागायचा. वाटायचं, लागत असेल सगळ्यांनाच. मावशी म्हणतात छान दिसता, डॉक्टर म्हणतात छान चाललंय, ही पोरं तर रोजच छान म्हणतात. आपण नेमके कुठल्या मजल्यावर उभे आहोत, तेच समजेना. विचारणार कुणाला?"

मला रडू आलं. मी ते आवरलं नाही आणि त्यांनीही न बघितल्यासारखं केलं नाही. पाठीवर हात ठेवला.

"तू मला न्यायला आलीस," ते म्हणाले. "ती तुझी खोली, तो दांडा, ते सगळं जरा बाजूला ठेव. नुसतं तुला काय दिसतंय ते सांग. मी तिथे एकटा राहू शकतो?"

इतके दिवस फोनवर मी याच प्रश्नाचं उत्तर घोकलं होतं. कारणं पाठ होती, मावशींची साक्ष होती. आणि आता जिभेवर 'हो' आलं होतं. हो बाबा, राहा की, काय झालंय तुम्हाला. समोरच्या कोर्टावर डाव चालू होता आणि पुढच्या चार रॅकेटी ओळीने वाट बघत होत्या. औषधवाला आमच्याकडे बघायचं टाळत होता. मला त्याचं सगळं समजलं. जवळच्या माणसाला 'आत' म्हणणं किती सोपं असतं!

"नाही बाबा," मी म्हणाले. "नाही राहू शकत."

बाबांनी मान हलवली. रागावले नाहीत, वादही घातला नाही. बूट बदलायला वाकले. उजव्याची नाडी सोडली. डावा पाय जवळ येईना, त्याच्या नाडीशी बराच वेळ बोटं झटापट करत राहिली. मी मुद्दामच दुसरीकडे बघत होते.

"बघतेस काय तिकडे?" ते म्हणाले आणि डावा पाय त्यांनी माझ्यासमोर केला. "ही तू सोड."